अक्कांचा सोवळ्याचा ढीग

आमच्या बनशंकरी भागातल्या घरामागे खताचे दोन ढीग आहेत, एक सोवळ्याचा आणि एक ओवळ्याचा. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या घरात माझ्या सासूबाई राहत नाहीत त्यांना हसायला काय जातं?

सासूबाईंचं नाव सत्यवती, पण त्यांचा मुलगा श्रीवत्स, म्हणजे माझा नवरा, धरून सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. आपलं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं हे अक्का अशा थाटात सांगतात, की जणू गाडीतून सामान उतरवून घ्यायला त्या स्वतः उभ्या होत्या. मी खानापूरची. आमच्या माहेरी कांदा चिरल्याशिवाय दिवस सुरू होत नाही आणि अक्कांच्या स्वयंपाकघरात कांद्याला उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. मी तो खायची वरच्या मजल्यावर, माझ्या छोट्या फ्रिजच्या भरवशावर, आणि खाली उतरताना बडीशेप चावत यायची. अक्कांना यातलं काही माहीत नाही, असं मी धरून चालले होते.

ओवळ्याचा ढीग माझा. मी एका विमा कचेरीत काम करते, दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचते, आणि घरी आल्यावर मला काहीतरी सुधारताना बघायचं असतं. परसात विटा रचून केलेल्या चौकोनात मी उरलेला भात, वातड झालेल्या चपात्या, बुरशी धरलेला ब्रेड, नासलेलं दूध आणि तारीख उलटलेली सरबतं घालते. त्यावर रस्त्यावरून गोळा केलेली वाळकी पानं. थोडं पाणी, थोडी हलवाहलव, आणि तीनेक महिन्यांत असं काळंभोर खत होतं, की हातात घेऊन दाखवत फिरावंसं वाटतं. मी फिरतेही. कचेरीतले लोक मला बघून जेवणाचे डबे झाकून घेतात.

सोवळ्याचा ढीग अक्कांचा. पूर्वी देवाचं निर्माल्य तळ्यात सोडत. तळ्याला कुंपण पडलं. मग ते कचऱ्याच्या गाडीत द्यायचं म्हटलं, तर अक्कांनी गाडीत एकदा डोकावून पाहिलं आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा आंघोळ केली.

"रामदेवाच्या अंगावरली फुलं बिर्याणीच्या हाडांशेजारी?" त्या म्हणाल्या.

"मग माझ्या ढिगावर घाला."

"तुझ्या उष्ट्या-खरकट्यात? पवित्रा, नाव तरी राख स्वल्प."

म्हणून शेजारी दुसरा चौकोन रचला. त्यात फक्त निर्माल्य. फुलं, तुळस, हळदीकुंकवाचं पाणी, कापराचे उरलेले तुकडे. शिवाय मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात बायका बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या उलट्या केलेल्या सालींत दिवे लावतात, तसे अक्काही लावायच्या, आणि आपल्या साली इतरांच्या सालींबरोबर झाडल्या जाऊ नयेत म्हणून घरी आणून ढिगावर ठेवायच्या. ढिगाला हात लावायचा तो अक्कांनीच, तोही फक्त शुक्रवारी, आंघोळ करून सोवळ्यात. पाणी म्हणाल तर पूजेतलं उरलेलं पळीभर तीर्थ. वर पत्रा, कावळ्यांनी विटाळू नये म्हणून.

व्हायचं तेच झालं. ढीग कुजेना. नवरात्रातली शेवंती दिवाळी उलटली तरी पिवळीधमक.

"अक्का," मी एकदा धीर करून म्हटलं, "हळद, कापूर, लिंबू, आणि पाण्याचा थेंब नाही. हे खत नव्हे, लोणचं आहे."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी थेट वर जाऊन कांदा खाल्ला.

आता इथे भजनी मंडळाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथे अडलं होतं. गल्लीतल्या बायकांचं हे मंडळ अक्कांनीच सुरू केलेलं. वर्षानुवर्षं पहिलं पद अक्का उचलायच्या आणि मग बाकीच्या मागून. गेल्या वर्षी अक्कांचा आवाज फाटायला लागला. वरचा सूर लावायला गेल्या की घशातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज यायचा. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त एका शुक्रवारी समोरच्या घरातल्या हेमलताबाईंनी पद उचललं, पुढच्या शुक्रवारीही त्यांनीच उचललं, आणि अक्कांची जागा सरकत सरकत चपलांजवळ गेली. मग अक्का जायच्याच बंद झाल्या. विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगायच्या. शुक्रवारी संध्याकाळी समोरून टाळ ऐकू आले, की अक्का टीव्ही मोठा करायच्या. त्या तशा बसलेल्या मला बघवत नसत. माझं त्यांच्याशी रोज एकदा तरी वाजतं, पण म्हणून काय झालं? ज्या बाईशी भांडायचं ती ताठ असावी लागते.

आणि एक दिवस हेमलताबाई कढीपत्ता मागायला परसात आल्या. त्यांनी ती शेवंती पाहिली.

"अय्यो! ही नवरात्रातली? कुजली नाही ती?"

"देवाची आहे," अक्का म्हणाल्या, "कशी कुजेल?"

त्यांनी हे सहज म्हटलं की मुद्दाम, मला आजवर कळलेलं नाही. पण तिन्हीसांजेपर्यंत गल्लीत झालं, की सत्यवती अक्कांच्या परसात निर्माल्य कुजत नाही. दुसऱ्या दिवशी चार बायका बघायला आल्या. आठवड्यात बनशंकरीच्या पार दुसऱ्या टोकाहून रिक्षा करून लोक यायला लागले. कोणी ढिगाला नमस्कार केला, कोणी नारळ ठेवला, एकीने तर मुलाच्या व्हिसाचा नवस बोलला. शुक्रवारचं भजन आमच्या घरी हललं. अक्का पुन्हा पुढे, मधोमध, पाटावर. पद अजून हेमलताबाईच उचलायच्या, पण आधी अक्कांकडे बघून, "सुरू करू का?" विचारायच्या. अक्का मान हलवायच्या. त्यांचा गुडघा पार बरा झाला.

मी गप्प बसले. लिंबाच्या सालीचं शास्त्र सांगून मी काय मिळवणार होते?

हेमलताबाईंनीच मग सुचवलं, की देवाचं ते ईशान्येला हवं. ईशान्येचा चौकोन होता माझा. पण माझं खत नुकतंच काढून झालं होतं आणि चौकोन रिकामाच होता, म्हणून मी हो म्हटलं. अक्कांनी तो गोमूत्र शिंपडून शुद्ध केला आणि आपला ढीग स्वतःच्या हातांनी तिकडे नेला. वर ताज्या केळीच्या पानांचं झाकण घातलं. मी माझा संसार त्यांच्या जुन्या चौकोनात मांडला.

हे सगळं श्रीवत्सला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे असं, की श्रीवत्सला परसातलं काही सांगायचं असतं हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानातच येत नाही. तो संगणकावर मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार चालवतो. कढीपत्ता आणि कडुलिंब त्याला अजून वेगळे ओळखता येत नाहीत.

तो धनुर्मास होता, पहाटे हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य दाखवायचे दिवस. रविवारी अक्का देवळात गेल्या होत्या आणि मी वरचा फ्रिज साफ करायला काढला. उत्तप्प्याचं पीठ आंबून डब्याबाहेर आलं होतं. ब्रेडवर हिरवं रान माजलं होतं. दह्याचा एक डबा होता, त्याच्यावरची तारीख वाचून मला लाज वाटली. हे सगळं बादलीत ओतून मी श्रीवत्सच्या हातात दिलं.

"माझ्या ढिगावर टाक. नीट खालीवर कर आणि परत झाकून ठेव."

"सरी, टाकतो," तो म्हणाला, आणि इतक्या पटकन गेला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

झालं असं, की मारतहळ्ळीच्या त्याच्या एका मित्राने कधीकाळी आणलेल्या बियरच्या बाटल्या त्याने माळ्यावर, गौरी-गणपतीच्या मखरामागे लपवल्या होत्या. त्यांची तारीख कधीच होऊन गेली होती. बियरने खत लवकर होतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बादली हातात आल्यावर त्याला वाटलं, आयतीच संधी आहे. तो परसात गेला. माझा म्हणून त्याला ठाऊक असलेला चौकोन ईशान्येचाच. त्यावर केळीची पानं. आता केळीचं पान म्हणजे जेवून उठलेलं पान, आणि जेवलेलं पान म्हणजे ओवळं, हे या घरात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्याची उरलीसुरली शंकाही फिटली. नाक दाबून, डोळे जवळजवळ मिटून त्याने बादली ओतली, बाटल्या ओतल्या, फावड्याने सगळं खालीवर केलं आणि पानं परत घातली. आयुष्यात त्याने इतकं मन लावून केलेलं घरकाम हेच.

शुक्रवारी सकाळी, थंडी अंगाला झोंबत असताना, मंडळ आमच्याकडे आलं. धनुर्मासात भजन सकाळचं असतं. अक्का सोवळं नेसत होत्या, म्हणून हेमलताबाईच पुढे होऊन बायकांना घेऊन परसात गेल्या. मी मागे हुग्गीचं पातेलं घेऊन.

हेमलताबाईंनी केळीचं पान उचललं आणि आतून वाफ आली.

साधीसुधी नव्हे, चांगली भपकन वाफ. ढीग गरम झाला होता. माझ्या ढिगाला इतक्या महिन्यांत असा ताप आला नव्हता. शेवंती गायब होती, आणि सगळं तपकिरी, ओलं, आतल्या आत चुळबुळत होतं.

"अय्यो देवा," हेमलताबाईंचा हात छातीवर गेला. "ढीग श्वास घेतोय!"

एकीने हात लावून पाहिला आणि "ऊब आहे हो!" म्हणून तोच हात डोळ्यांना लावला. आरतीचं ताट पुढे आलं. कोणीतरी घंटा वाजवायला लागलं. मी श्रीवत्सकडे पाहिलं. तो मागच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा हुग्गीपेक्षा पांढरा पडला होता.

"पवित्रा," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझा ढीग कुठला?"

मी बोटाने दाखवला. त्याने डोळे मिटले आणि काय काय ओतलं ते एका दमात सांगितलं.

"गप्प बस," मी म्हटलं. "आता मेलास तरी बोलू नकोस."

कारण बोलून होणार काय होतं? अक्का पुन्हा चपलांजवळ. चपलांजवळही नाही, थेट टीव्हीसमोर. बायका खूश होत्या, ढीग गरम होता. देवाला चालत असेल, तर सांगणारे आम्ही कोण?

तेवढ्यात अक्का आल्या. बायकांनी वाट करून दिली. हेमलताबाईंनी आरतीचं ताट स्वतःहून अक्कांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अक्का, आज तुम्हीच उचला आरती. तुमचाच मान आहे."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. अक्का दोन पावलं पुढे झाल्या, वाकल्या, आणि थांबल्या. त्यांनी नाक वर केलं. मग ताट खाली ठेवलं, ढिगात हात घातला, मूठभर काढून नाकाशी धरलं. मी मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हात जोडले.

"घंटा थांबवा," अक्का म्हणाल्या.

घंटा थांबली.

"हा चमत्कार नव्हे. ही बियर आहे."

कोणाला काही कळेना. हेमलताबाई हसल्या. "काहीतरीच काय अक्का! तुम्हांला कसं ठाऊक असणार?"

"मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? आमचे हे अबकारी खात्यात होते. दारूवर छापे घालून घरी यायचे आणि कपडे मी धुवायची. अर्धं आयुष्य धुतले. गावठी कुठली, बाटलीतली कुठली, हे सगळं मला वासावर कळतं. ही बियर आहे, आणि मुदत टळलेली आहे." मग त्यांनी पुन्हा हुंगलं. "आणि हे उत्तप्प्याचं पीठ. कांदा घातलेलं."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेच जास्त लागलं.

"कोणीतरी चुकून टाकलं असेल," हेमलताबाई सावरून घ्यायला बघत होत्या. "त्याआधी तर कुजत नव्हतं ना?"

"लिंबू आणि हळद घातल्यावर काय कुजतंय? सून सांगत होती, मी ऐकलं नाही." अक्कांचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "तुम्ही सगळ्या येत होता, बरं वाटत होतं. म्हणून गप्प राहिले. पण देवासमोर बियरला ओवाळायचं म्हणजे फारच झालं."

बायका गेल्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण हुग्गीही कोणी घेतली नाही. ढिगासमोर ठेवलेला नारळ जिचा होता ती आठवणीने उचलून घेऊन गेली. अक्का आत गेल्या आणि नळाचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मी पातेलं घेऊन परसातल्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. मी आणि माझा शिकलेला नवरा खोटं पचवायला तयार होतो आणि या बाईने सगळ्यांच्या देखत आपलं ताट खाली ठेवलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की दोन्हींचं काय करावं ते कळेना, म्हणून मी श्रीवत्सला बोलून घेतलं.

पुढचे काही दिवस घर स्मशानासारखं. अक्का श्रीवत्सला जेवायला वाढायच्या ते लांबून ताट सरकवून. मला मात्र एवढंच म्हणाल्या, "बडीशेप संपलीय. आणशील तेव्हा जास्त आण, तुला लागते." मी जमिनीत गेले.

आणि मग एका दुपारी मागच्या बोळाचं दार वाजलं. मी त्या दिवशी रजेवर होते. दार उघडलं तर हेमलताबाई. पदराखाली काहीतरी धरलेलं, आणि इकडेतिकडे बघत.

"अक्का आहेत?"

अक्का तुळशीपाशी होत्या. हेमलताबाईंनी पदराखालून एक देखणा डबा काढला.

"माझ्या यशोवर्धनने पाठवलाय कॅनडाहून. केक आहे. अंडं तर आहेच, रमसुद्धा आहे म्हणे. तारीख होऊन गेली तरी कपाटात पडून आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "फेकणार कुठे हो? कचऱ्याची गाडी येते तेव्हा गाडीवाला दारात डबा उघडायला लावतो आणि सगळी गल्ली आपापल्या बादल्या घेऊन तिथेच उभी असते. माझ्या बादलीतून हे निघालं तर?"

अक्कांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

"तुमच्याकडे आता पडलंच आहे ना ओवळं," हेमलताबाई म्हणाल्या. "म्हणून आले."

मला वाटलं आता भडका उडणार. अक्कांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला.

"रम चांगली होती," त्या म्हणाल्या. "चुरून टाका. मोठे तुकडे नकोत. पवित्रा, यांना पानं दे वरून घालायला."

हेमलताबाई गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या खजिनदारीण बाई नातवाच्या अंड्याच्या नूडल्स घेऊन हजर. मग एकीच्या सुनेची कसलीशी शिंपल्यांची चटणी. एकीच्या जावयाची अर्धी बाटली, तिची तर तारीखही उलटलेली नव्हती, पण जावई येणार नव्हता आणि पूजा होती. प्रत्येक सोवळ्या घरात कुठेतरी एक वरचा मजला असतो हे मला तेव्हा कळलं. मागच्या बोळात बायका एकमेकींना ओलांडून जायच्या आणि एकमेकींना ओळख द्यायच्या नाहीत. अक्का मात्र दारात खुर्ची टाकून बसायच्या, प्रत्येक डब्याचा वास घ्यायच्या, मुदत विचारायच्या, आणि काय कुठल्या थरात घालायचं ते सांगायच्या. कोणाचं काय आलं हे त्यांनी मलासुद्धा कधी सांगितलं नाही. जे मला ठाऊक आहे ते मी खिडकीतून पाहिलेलं. लिंबाच्या साली त्यांनी देवळातच ठेवायला सुरुवात केली.

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी भजन हेमलताबाईंकडे होतं. निरोप आला, अक्कांना घेऊन या. अक्का नको नको म्हणत होत्या, गुडघा काढला, मी ऐकलं नाही. गेलो तर मधोमध पाट मांडलेला. बायका बसलेल्या, आणि प्रत्येकीची नजर जमिनीवर.

"अक्का," हेमलताबाई म्हणाल्या, "पद तुम्ही उचला."

"माझा आवाज राहिलाय का आता?"

हेमलताबाईंनी टाळ पुढे केले. अक्कांनी टाळ घेतले आणि सुरू केलं. पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीला वरच्या सुराशी आवाज फाटला तो फाटलाच, आणि अक्कांनी टाळ खाली ठेवले. हेमलताबाईंच्या मोबाईलमधला तंबोरा तेवढा चढ्या पट्टीत वाजत राहिला.

हेमलताबाईंनी हात लांब करून तो बंद केला. मग अक्कांचा सूर जिथे तुटला होता तिथून, अक्कांना झेपेल अशा खालच्या, घोगऱ्या पट्टीत त्यांनी ती ओळ उचलली, आणि तिच्या मागोमाग सगळ्याच बायका खाली उतरल्या. फार बेसूर चाललं होतं सगळं. अक्कांनी डोळे पुसले आणि टाळ पुन्हा हातात घेतले.